दारची लहान मोटार : तिची निगा व तिचें हांकणें

आपल्या ठाणें जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडीची जागा लहान मोटारीनें घेतलेली हल्लीं पुष्कळ ठिकाणीं दिसते. कोठें भूसंपादनाचा मोबदला हातीं आला, कोठें मुलगा ठाण्यास किंवा डोंबिवलीस नोकरीस लागला, कोठें कल्याणच्या बाजारांत भाजीपाला नेऊन चार पैसे गांठीस राहिले, आणि मोटार दारीं आली. ‘एम. एच. ०४’ ही ठाण्याची व ‘०५’ ही कल्याणची नोंदणीची खूण मुरबाड-शहापुराकडील आडगांवचीं पोरेंही ओळखतात. परंतु मोटार दारीं येणें आणि ती संभाळतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, व या दुसऱ्या गोष्टीविषयीं आपल्या शेतकरी बंधूंपुढें चार उपयुक्त गोष्टी मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बैल आणि मोटार यांत एक मोठा भेद आहे. बैलास स्वतःची समज असते. धनी गाडींत निजला तरी बैल घरची वाट सोडीत नाहीं. ओढ्यास पाणी चढलें असेल तर कांठावर पाय रोवून उभा राहतो. पाय दुखला तर लंगडतो आणि आजारी पडला तर वैरण टाकतो. मोटारीजवळ अशी समज नाहीं. नव्या मोटारींत सूचनेचे लाल-पिवळे दिवे असतात हें खरें. तांबडा दिवा लागला तर बाजूस थांबावें, हें प्रत्येकानें पक्कें ध्यानांत ठेवावें. पण चालकास डुलकी लागली तर मोटार सरळ खांबावर जाईल, आणि पुरांत घातली तर मुकाट्यानें पुरांत शिरेल. सारांश, बैलाच्या ठिकाणीं जी समज होती, ती मोटारीच्या धन्यानें स्वतःजवळून पुरविली पाहिजे. तीच समज आठवड्यास एकदां दाखविणें म्हणजे निगा, आणि तीच क्षणोक्षणीं दाखविणें म्हणजे सावध हांकणें होय.

आठवड्याची पाहणी

या पाहणीस दहा मिनिटें पुरतात व पैसा लागत नाहीं. सकाळीं, इंजिन थंड असतां व मोटार सपाट जागीं उभी असतां ती करावी.

प्रथम चाकें पहावीं. मोटारीचा रस्त्याशीं संबंध काय तो चार तळहातांएवढ्या रबराचा. ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबते ती त्या रबरावर. हवेचें योग्य प्रमाण चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेलें असतें; लहान मोटारीस तें सामान्यतः ३० ते ३५ पौंडांच्या आंत असतें. गाडी दूर चालून आल्यावर हवा मोजूं नये, कारण तापलेल्या टायरांत ती जास्त दिसते. हवा कमी असेल तर टायर कडेनें झिजतो, तापतो आणि वेगांत फुटतो. खांचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्यानें ठरविलेली शेवटची मर्यादा आहे. खांचांमध्यें लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें कीं टायर बाद समजावा. टायरचें वयही पहावें. त्याच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. ते २३१९ असे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. थोडी चाललेली गाडी असली तरी वयानें रबर कडक होतें व त्यास चिरा पडतात. स्टेपनींत हवा आहे, जॅक व पाना गाडींत आहेत, हेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

या गोष्टीस आपल्या जिल्ह्यांत विशेष महत्त्व आलें आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि तो ७०१ किलोमीटरांचा मार्ग आतां भिवंडी तालुक्यापर्यंत आला आहे. गांवच्या रस्त्यावर चाळिसाच्या वेगानें निभावून जाणारा जुना टायर त्या तापलेल्या काँक्रिटवर तासन् तास शंभराच्या वेगानें टिकेल, असा भरंवसा धरूं नये.

दुसरें, इंजिनाचें ऑइल. पट्टी ओढून पुसावी, पुन्हां घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें असावें. तिसरें, इंजिन थंड ठेवणारें पाणी, ज्यास कूलंट म्हणतात. त्याच्या डब्यावरही दोन खुणा असतात. इंजिन तापलें असतां रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील उकळतें पाणी दाबाखालीं असतें व एकदम तोंडावर उडतें. चौथें, ब्रेकचें तेल. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल शिरलेलें तेल घाटांत ब्रेक तापल्यावर उकळूं लागतें, आणि मग पाय दाबला तरी तो पोकळींत गेल्यासारखा खालीं जातो. यास्तव सामान्यतः दोन वर्षांनीं तें बदलून घ्यावें. त्याची पातळी उतरत असेल तर नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये. ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे, असें समजून मिस्त्रीस दाखवावें. पांचवें, बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी सांचली असेल तर तारा सोडवून, गरम पाण्यानें पुसून, कोरडें करून वर थोडें व्हॅसलीन लावावें. सहावें, दिवे व वायपर. मागचे दिवे पाहण्यास सोबती नसेल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा; भिंतीवर उजेड पडला कीं काम झालें. वायपरचें रबर उन्हाळ्यांत कडक होतें; तें पावसापूर्वीं बदलावें.

शेतकऱ्याच्या घरीं आणखी तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. भात झोडून घरांत आलें कीं उंदीर येतात, आणि बॉनेटखालची उबेची जागा त्यांस फार आवडते. ते तारांचें वेष्टन कुरतडतात, त्यामुळें गाडी बंद पडते, क्वचित् पेटतेही. म्हणून भाताच्या उडवीजवळ मोटार ठेवूं नये आणि फार दिवस उभी असल्यास बॉनेट उघडून पहावें. दुसरें असें कीं, गाडीखालच्या धुराच्या नळीचा कांहीं भाग अतिशय तापतो. यास्तव दुरून आलेली मोटार सुक्या गवतांत किंवा पेंढ्यावर उभी करूं नये. तिसरी गोष्ट पेट्रोलची. त्यांत आतां २० टक्के इथेनॉल मिसळतात. तें ऊंस व मका यांपासून होतें, म्हणून शेतकऱ्यास त्याचें अगत्य आहे. परंतु २०२३ पूर्वींच्या पुष्कळ मोटारींचे रबरी भाग या मिश्रणाच्या हिशेबानें केलेले नाहींत. अशा मोटारीच्या पेट्रोलच्या नळ्या वर्षांतून एकदां तपासून घ्याव्या, आणि उभ्या गाडीस पेट्रोलचा वास येत असेल तर ती चालूं करूं नये.

पावसाळा आणि पुराचें पाणी

उल्हास, काळू व भातसा या नद्यांच्या कांठीं राहणारांस पुराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तथापि मोटारींत बसल्यावर मनुष्य ती ओळख विसरतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या प्रलयांत मुंबईंत कांहीं माणसें पाण्यांत अडकलेल्या मोटारींतच कोंडून मेलीं. २७ जुलै २०१९ च्या पहांटे बदलापूर व वांगणी यांच्या मध्यें उल्हास नदीचें पाणी लोहमार्गावर चढून महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि हजाराच्या सुमारास उतारूंस बाहेर काढावें लागलें. जेथें आगगाडीस हटावें लागतें, तेथें लहान मोटारीनें काय हट्ट धरावा? मुरबाड रस्त्यावरील रायत्याचा पूल आणि टिटवाळ्याकडील काळू नदीवरचा रुंदे पूल पावसाळ्यांत पाण्याखालीं जातात, हें त्या वाटेच्या सर्वांस ठाऊक आहे.

वाहत्या पाण्याची खोली एक फूट झाली कीं लहान मोटार तरंगूं लागते, कारण ती पत्र्याची पोकळ पेटीच होय. दोन फूट पाणी बहुतेक कोणतीही मोटार वाहून नेतें. शिवाय पाण्याखालीं रस्ता शिल्लक आहे कीं खचला आहे, तें वरून दिसत नाहीं. म्हणून पुलावरून पाणी वाहत असतां तें उतरेपर्यंत अलीकडेच थांबावें. पुढची एक गाडी पार झाली, हा पुरावा मानूं नये.

सांचलेल्या पाण्यांत इंजिन बंद पडलें तर तें पुन्हां चालूं करण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. आंत पाणी शिरलें असतां किल्ली फिरविली तर इंजिनाचे दांडे वांकतात, आणि शंभरांचें काम हजारांवर जातें. अशा नुकसानीची भरपाई साध्या विम्यांत बहुधा मिळत नाहीं. त्यास्तव इंजिनाच्या रक्षणाचें वेगळें कलम घ्यावें लागतें. गाडी तरंगूं लागल्यास प्रथम पट्टा सोडावा, लगेच कांच खालीं करावी व बाहेर पडावें. विजेवर चालणाऱ्या कांचा थोडाच वेळ साथ देतात. कांच फोडावी लागल्यास बाजूची फोडावी, तीही कोपऱ्यावर घाव घालून. समोरची कांच दुहेरी असल्यामुळें फुटून मोकळी होत नाहीं. एक लहान हातोडी चालकाच्या हाताशीं ठेवावी.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुलाच्या कचेरींत गेली, व पुराच्या पंचनाम्यांचे पुष्कळ कागद त्याच्या हातून गेले. घर, गुरें, भात, भांडीं यांचा आंकडा त्यांत लिहितां येतो. गेलेल्या माणसाचा रकाना मात्र कोणत्याही रकमेनें भरत नाहीं.

वेग आणि अंतर

ताशीं ६० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. धोका डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढें अंतर तर फुकटच सरतें. त्यापुढें कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात, ओल्यावर त्याच्या दीडपट ते दुप्पट. वेग दुप्पट केला तर ब्रेकचें अंतर चौपट होतें. म्हणून पुढील गाडी ज्या झाडाजवळून गेली, तेथें आपण पोंचेपर्यंत निदान दोन सेकंद जावेत, पावसांत चार. पहिल्या सरींत विशेष जपावें, कारण रस्त्यावरचें तेल व धूळ भिजून निसरडें होतें.

मुंब्रा बाह्यवळणावर व शीळ रस्त्यावर मोठमोठ्या ट्रकांची रीघ असते. ट्रकचा आरसा आपणांस दिसत नसेल तर त्या चालकास आपण दिसत नाहीं, असें समजून त्याच्या बाजूस रेंगाळूं नये. कसारा किंवा माळशेज घाट उतरतांना ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें. इंधन वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणें हा आत्मघात होय. त्यानें ब्रेकचें व सुकाणूचें बळ जातें. आणि हें सांगतांना आपलाही दोष पहावा: ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागें दिवा नाहीं व चमकपट्टीही नाहीं, ती रात्रीच्या रस्त्यावर दुसऱ्याचा काळ होते. पट्टीस फार खर्च येत नाहीं.

आंत बसलेलीं माणसें

४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटी येथें सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मोटार मोठी व विलायती होती. पुढें बसलेले दोघे जखमी झाले पण वांचले. मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे सोबती गेले, आणि त्या दोघांनीं पट्टा बांधला नव्हता असें पोलिसांस आढळलें. लाखोंची मोटार जें देऊं शकली नाहीं, तें हातभर पट्ट्यानें कदाचित् दिलें असतें. मागच्या बांकावरील माणसांसही पट्टा बांधणें कायद्यानें आवश्यक आहे. लहान मूल मांडीवर घेऊन पुढें बसण्याची चाल तर तत्काळ सोडावी.

२०२२ सालीं या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, व त्यांत सर्वांत मोठा वांटा अतिवेगाचा होता, हा सरकारी आंकडा आहे. परवाना नसलेल्या अल्पवयी मुलाच्या हातीं मोटार देणाऱ्या पालकास किंवा मालकास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. लग्नाच्या वऱ्हाडांत कौतुकानें किल्ली देणारांनीं हें विसरूं नये. मद्य घेतलेल्यानें किल्लीस हात लावूं नये, आणि झोप येऊं लागल्यास बाजूस थांबून निजावें. अपघात दिसल्यास १०८ वर खबर द्यावी. सद्भावनेनें मदत करणारास कायद्याचें संरक्षण आहे, त्यामुळें भिऊन पुढें निघून जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

मोटारीचा सात-बारा

शेवटची सूचना कारकुनी आहे, पण उपयोगाची आहे. जमिनीस जसा सात-बारा, तशी मोटारीस एक वही असावी. तींत तारीख, किलोमीटर, ऑइल केव्हां बदललें, ब्रेकचें तेल केव्हां, टायर केव्हां घेतले, बॅटरी केव्हां, आणि विमा व धुराचा दाखला यांची मुदत केव्हां संपते, हें एकेका ओळींत लिहावें. मिस्त्री बदलला तरी वही राहते; आणि नोंद असली म्हणजे नको तें काम गळ्यांत पडत नाहीं व हवें तें राहून जात नाहीं.

मृग लागण्यापूर्वीं आपण नांगराचे फाळ पाजवितों, इरलीं-घोंगड्या बाहेर काढतों, बांध पाहतों. त्याच आठवड्यांत एक सकाळ मोटारीसाठीं काढावी व टायर, ब्रेक, वायपर आणि दिवे हे चारही मिस्त्रीकडून पारखून घ्यावेत. असें करणाऱ्या घरचीं माणसें पावसाळ्याच्या रात्रींही सुखरूप घरीं पोंचोत, अशी आमची इच्छा आहे.