वाड्यातली हाक : यंत्राचा पत्ता आणि यंत्राची ओळख

श्रोतेहो, गेल्या वेळी याच सभागृहात आपण नाव आणि नावाचा धनी यांच्या नात्याविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर जिन्याजवळ एका विद्यार्थ्याने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस बदलता येतो. मग ते मशीन तेच राहतं की दुसरं होतं?" आम्ही त्याला म्हटलं, बाबा, या प्रश्नाला जिन्यात उत्तर देता येणार नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला दिलेलं उत्तर.

आधी वस्तू समजून घेऊ. इथे महालात ज्यांचं बालपण गेलं त्यांना जुने वाडे आठवत असतील. मधे चौक, भोवती आठ-दहा बिऱ्हाडं, आणि बाहेर एकच दिंडीदरवाजा. मुंबईहून पत्र निघालं की शहर, पेठ, वाडा असा पत्ता वाचत ते दिंडीपर्यंत यायचं. पुढे काय? पोस्टमन चौकात उभा राहून हाक मारायचा, "देशपांडे कोण आहे हो?" हाक सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायची, "ओ" मात्र एकच माणूस द्यायचा.

संगणकांच्या जाळ्यात अगदी हेच चालतं. दिंडीपर्यंत आणणारा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. चौकातल्या हाकेतलं नाव म्हणजे मॅक ॲड्रेस, ज्याला आपण हार्डवेअर पत्ता म्हणू. घरातला राउटर आधी सगळ्यांना विचारतो, "हा आयपी पत्ता कोणाकडे आहे?" ज्याच्याकडे असेल ते यंत्र स्वतःचा हार्डवेअर पत्ता सांगतं, आणि पुढचा माल त्या नावाने जातो. आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही हाक दिंडीबाहेर जात नाही. तुम्ही अमेरिकेतलं एखादं संकेतस्थळ उघडलंत, तर तुमच्या जाळ्यावरचा हार्डवेअर पत्ता तिथवर पोहोचत नाही; तो राउटरपाशीच थांबतो. "मॅक ॲड्रेस बदलला की जगाला आपण दिसेनासे होतो" असं कोणी सांगितलं, तर ते खरं धरू नका.

हा पत्ता दिसतो कसा? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'गेटमॅक' एवढा शब्द टाकला की '३सी-५ए-बी४-०१-२२-७ई' अशा घाटाची सहा जोड्यांची ओळ येते. ही सोळाच्या पायावरची गणती आहे. शून्य ते नऊ संपले की पुढे ए ते एफ. एकूण ४८ बिट, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते. नेहमीच्या वाटपात पहिल्या तीन जोड्या आयट्रिपलई ही संस्था कंपनीला नेमून देते. उरलेल्या तीन कंपनी स्वतः भरते आणि एका वाटपातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ कार्डांचं बारसं करते. पहिला भाग आडनावासारखा, दुसरा नावासारखा.

एवढी लांबलचक संख्या कशासाठी? झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली इथरनेटची कल्पना मांडली गेली. तिथल्या पहिल्या प्रायोगिक जाळ्यात पत्त्याला फक्त ८ बिट होते, म्हणजे २५६ क्रमांकांची जागा. एका इमारतीला ती पुरे होती. पुढे हे तंत्र जगभर न्यायचं ठरलं, तेव्हा १९८० च्या मानकात ४८ बिट आले. त्यामागचा विचार १९८१ च्या एका निबंधात नीट मांडलेला आहे. त्याच्या दोन लेखकांपैकी एक योगेन दलाल, आपल्या पवईच्या आयआयटीतून १९७२ साली पदवी घेऊन बाहेर पडलेले. विचार असा : यंत्राचा क्रमांक तो कोणत्या जाळ्याला जोडला आहे यावर अवलंबून नसावा. यंत्र या वाड्यातून त्या वाड्यात गेलं, तरी त्याचं नाव तेच राहावं, आणि जगात तसं दुसरं नाव नसावं.

कल्पना सुंदर होती. पण जे नाव कुठेही गेलं तरी बदलत नाही, त्या नावामागे कोणालाही माग काढत जाता येतं. २०१३ साली लंडनच्या व्यापारी भागातल्या काही कचरापेट्यांत अशी यंत्रं बसवली होती, की ती शेजारून जाणाऱ्या लोकांच्या मोबाइलचे हार्डवेअर पत्ते टिपत. बोभाटा झाला आणि ते थांबवावं लागलं. त्यानंतर फोन बनवणारेच शहाणे झाले. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून साधारणपणे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला पत्ता सांगतो. म्हणजे "पत्ता बदलणं हे चोरांचं काम" असं समजणाऱ्यांच्या खिशातला फोनही बहुधा हेच करत असतो.

मग बदलतं नेमकं काय? कार्डाच्या स्मृतीत कारखान्याने लिहिलेला पत्ता बहुधा तसाच राहतो. यंत्र सुरू होताना संगणकाची प्रणाली तो वाचते आणि "आज हे नाव सांगायचं" असं ठरवते. आपण बदलतो ते हे सांगायचं नाव. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं, की अनेक कार्डांना ॲडव्हान्स्ड या भागात 'नेटवर्क ॲड्रेस' नावाचा खाना असतो. त्यात बारा अंक भरायचे. खाना रिकामा केला की मूळ नाव परत. वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' असा खटकाही असतो. लिनक्समध्ये कार्ड क्षणभर बंद करायचं, नवं नाव द्यायचं, पुन्हा चालू करायचं. इतकंच.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची चाल होती, आठवतं ना? सासरी नवं नाव चालायचं, शाळेच्या दाखल्यावर जुनंच असायचं, आणि बाई तीच असायची. कार्डाचंही तसंच.

आणि या व्यवस्थेत एक प्रामाणिकपणाची खूणही ठेवलेली आहे. पहिल्या जोडीतला दुसरा अंक पाहा. तो २, ६, ए किंवा ई असेल, तर त्याचा अर्थ "हे नाव कारखान्याने दिलेलं नाही, इथे ठेवलेलं आहे." नाव बदलल्याची जाहिरात आपण राजपत्रात देतो, तशीच ही खूण. स्वतः पत्ता ठरवायचाच असेल तर ही खूण असलेलाच ठरवावा; म्हणजे कोणा कंपनीने दिलेल्या नावाशी टक्कर होत नाही. एकाच जाळ्यात दोन यंत्रांनी एकच नाव सांगितलं, तर शेवटी जो बोलला त्याच्याकडे पत्रं जाऊ लागतात आणि दोघांचंही काम अडतं.

आता आमचीच एक फजिती सांगतो. शहरातल्या एका वाचनालयात वायफायसाठी प्रत्येकाच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता यादीत नोंदवून घेतात. आमच्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बिघडलं. सीताबर्डीवरच्या दुकानदाराने अंगठ्याएवढं बाहेरून लावायचं कार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात वायफाय लागेना. तिथला मुलगा म्हणाला, "सर, हे मशीन तर वेगळंच दिसून राहिलं ना!" आम्ही तेच, लॅपटॉप तोच, त्यावरची शाईची डागसुद्धा तीच, पण यादीच्या लेखी आम्ही उपरे.

संध्याकाळी शेजारच्या एका तरुणाने आमच्या घरच्या राउटरवर तशीच यादी लावली, जुना पत्ता नव्या कार्डाला दिला, आणि दार मिनिटभरात उघडलं. मग त्याने तोच पत्ता स्वतःच्या लॅपटॉपला दिला. तेव्हाही उघडलं! तेव्हा आम्हाला खरा धक्का बसला. त्या यादीने आमची ओळख कधी पटवलीच नव्हती. जो आमचं नाव सांगेल त्याला ती आत घेत होती. आणि ते नाव गुप्तही नसतं. वायफायला पासवर्ड असला तरी हे पत्ते हवेतून उघडेच जातात. चौकात मारलेली हाक सगळ्यांना ऐकू येते, तसे. दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात जाऊन नवा पत्ता रीतसर नोंदवला. जुनं नाव सांगून आत शिरणं सोपं होतं, पण ज्या दाराशी यादी ठेवलेली आहे त्या दाराशी खरं सांगावं, एवढं आम्हाला वाटलं.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद भिक्षूला नाव विचारतो. तो म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण हे व्यवहारापुरतं नाव आहे. त्यामागे कायमचा असा कोणी सापडत नाही. मग रथाचा दाखला येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. आम्ही त्या दाखल्यात आज भर घालू : कार्ड म्हणजे संगणक नव्हे, आणि संगणक म्हणजे त्यापुढे बसलेला माणूस नव्हे.

हे विसरलं की काय होतं? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोहोचला. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता, आणि संशयाची सुई त्याच्यावर आली. ईमेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्यांनी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफायही असंच वापरलं गेलं. पत्त्याने तपास दिंडीपर्यंत आणला, तो खराच होता. पण चौकात कोण उभं होतं, हे दिंडी सांगत नाही. चौकातलं नाव म्हणजे हार्डवेअर पत्ता, आणि तो तर बदलता येतो. म्हणून पत्ता हा तपासाचा धागा आहे. त्याला निकाल समजू नये.

नाव बदलणारे सगळे सारखे नसतात, हेही तितकंच खरं. पानिपतानंतर "मीच सदाशिवरावभाऊ" म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याने बंड केलं आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. त्याचा गुन्हा नवं नाव घेतल्याचा नव्हता. दुसऱ्याचं नाव घेऊन दुसऱ्याचा हक्क सांगितल्याचा होता. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमातही दुसऱ्याची विशिष्ट ओळखखूण कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भर त्या 'अप्रामाणिकपणे'वर आहे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं. पत्ता बदलला तरी मशीन तेच राहतं. बदलतं ते चौकात दिलेलं "ओ". कोणी माग काढू नये म्हणून नवं नाव घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याची पत्रं आपल्याकडे यावीत म्हणून त्याच्या नावाने "ओ" देऊ नये. आणि आपण कधी यादी घेऊन दाराशी बसलो, तर नावावर न थांबता माणसाकडेही पाहावं.

पुढच्या वेळी पासवर्डविषयी बोलू. ते ज्ञान आहे की नुसतं पाठांतर, हा प्रश्न घरून विचार करून या.