आधी पातं ओळखा, मग धारेचं साधन निवडा

धार लावायची साधनं आता कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतात. खाचेतून सुरी ओढायचा शार्पनर, मुठीची लांब सळई, हिऱ्याच्या कणांची पट्टी, विजेवर फिरणारं यंत्र. हार्डवेअरच्या दुकानात एका अंगाने जाडा आणि दुसऱ्या अंगाने बारीक असा जुना ओळखीचा दगडही असतो. बहुतेक खोक्यांवर ‘सर्व सुऱ्यांसाठी’ असं छापलेलं असतं. पण घरातली पाती एका जातीची नसतात. भाजीची सुरी, विळी, पावाची दातेरी सुरी, कात्री, नारळाचा कोयता, कुणी भेट दिलेली जपानी सुरी, या सगळ्यांचं पोलाद वेगळं, जाडी वेगळी आणि कामही वेगळं.

साधन निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. धार लावणं म्हणजे पात्याचा धातू घासून काढणं, आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून त्या पात्याला हवी तेवढीच झीज करून, हव्या त्या कोनात धार काढणारं साधन चांगलं. पाच मिनिटांचं काम पाच सेकंदांत उरकणारं साधन बहुधा गरजेपेक्षा जास्त धातू खातं.

धार जाते म्हणजे काय होतं

पात्याच्या दोन्ही बाजू उतरत येऊन जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती दोन तऱ्हांनी जाते. पहिल्या तऱ्हेत ही नाजूक रेघ पाटावर आपटून एका अंगाला कलते. धातू जागेवरच असतो, फक्त वाकलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेत रेघ झिजून गोलसर होते आणि टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरू लागते.

वाकलेली धार सरळ करायला सळई पुरते. झिजलेली धार मात्र नव्याने काढावी लागते आणि त्यासाठी घासणारं काहीतरी लागतं. महिनोन्महिने फक्त सळई फिरवणाऱ्यांची सुरी शेवटी दाद देईनाशी होते, ती याच कारणाने.

पात्याला विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न कठीणपणाचा. सुऱ्यांचं पोलाद रॉकवेल मोजणीत, म्हणजे एचआरसीमध्ये सांगतात. जर्मन पद्धतीच्या घरगुती सुऱ्या साधारण 56 ते 58 एचआरसी असतात, जपानी सुऱ्या बहुधा 60 किंवा त्याहून वर. मऊ पोलाद लवकर वाकतं, पण लवकर धारही धरतं. कठीण पोलादाची धार टिकते, पण आडवा मार बसला की तिचा कण उडतो. पांढऱ्या सिरॅमिक सुऱ्या झिर्कोनियाच्या असतात. त्या पोलादापेक्षा पुष्कळ कठीण आणि तितक्याच ठिसूळ.

दुसरा प्रश्न कोनाचा. प्रत्येक बाजूचा कोन जपानी सुरीला साधारण 15 अंश, रोजच्या भाजीच्या सुरीला 20 अंश आणि नारळ किंवा हाडं फोडणाऱ्या कोयत्याला 25 ते 30 अंश. कोन कमी तेवढी धार तीक्ष्ण आणि नाजूक. कोयत्याला 15 अंशांची धार काढली तर पहिल्याच नारळाला ती दुमडेल.

तिसरा प्रश्न आकाराचा. उतार दोन्ही बाजूंना आहे की एकाच? पातं सरळ आहे, वाकलेलं आहे की दातेरी? ते हातात धरून फिरवता येतं, की विळीसारखं पाटाला जखडलेलं आहे?

साधनं आणि त्यांच्या मर्यादा

धारेचा दगड सर्वांत जास्त पात्यांना चालतो, कारण त्यावर कोन आपण ठरवतो. हार्डवेअरच्या दुकानातला करडा-काळा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेतल्या एडवर्ड ॲचिसन यांनी हा पदार्थ बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट 1893 मध्ये घेतलं. त्याआधी कुरुंदासारख्या नैसर्गिक दगडांवर भिस्त होती. दगडाचा अंक, म्हणजे ग्रिट, जितका मोठा तितके कण बारीक. धारेचे खांडे काढायला 220 ते 400, नेहमीच्या धारेला 1000, आणि ती गुळगुळीत करायला 3000 ते 6000. घरच्या भाजीच्या सुरीला 1000 पुरतो.

हिऱ्याच्या पट्टीवर धातूच्या पत्र्याला हिऱ्याचे कण निकेलने चिकटवलेले असतात. ती दगडासारखी मध्ये खोलगट होत नाही आणि कठीण पोलादावरही पटकन चालते. तिच्यावर जोर मात्र लावू नये, कण सुटून येतात.

सळईचे दोन प्रकार. पोलादी सळई मुख्यतः धार सरळ करते, सिरॅमिक सळई थोडं घासतेही. खाचा असलेली पोलादी सळई कठीण जपानी सुरीला लावू नये, धारेचे कण उडतात.

खाचेच्या शार्पनरमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या बसवलेल्या असतात. सुरी ओढली की त्या दोन्ही बाजूंनी धातू खरवडतात. कोन कारखान्यात ठरलेला असतो, तो बदलत नाही. स्वस्त, मऊ, स्टेनलेस सुरीला हे साधन वेळ निभावून नेतं. एका बाजूच्या उताराची सुरी, दातेरी सुरी, सिरॅमिक सुरी आणि कात्री मात्र त्यात कधीही घालू नये.

विजेच्या यंत्राचा आणि सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याच्या सहाणेचा वेग मोठा असतो. वेगासोबत उष्णता येते. लोहार पोलादाला पाणी देतो, म्हणजे तापवून विझवून कठीण करतो आणि नंतर बेताने शेकून त्याचा ठिसूळपणा घालवतो. साध्या पोलादाची धार चाकावर साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिथे निळी झाक दिसते. ती दिसली की पाणी उतरलं, आणि तेवढी जागा पुन्हा लवकर बोथट होणार. जाणता धारवाला पातं चाकाला क्षणभरच टेकवतो, उचलतो, पाण्यात बुडवतो. असा कारागीर गाठीशी असेल तर त्याला धरून ठेवावा.

कोणत्या पात्याला काय

*भाजीची साधी सुरी.* 1000 ग्रिटचा दगड, आणि अधूनमधून सळई. घरात काहीच नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करावा. बुडाच्या बिनझिलईच्या खरखरीत कडेवर सुरी दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा फिरवली की दिवस निघतो.

*जपानी सुरी.* फक्त दगड किंवा बारीक हिऱ्याची पट्टी. मासे कापायची यानागिबा किंवा देबा असेल तर उतार एकाच बाजूला असतो. घासायचं त्याच बाजूने. दुसरी बाजू शेवटी दगडावर सपाट ठेवून हलकेच फिरवायची, तिला कोन द्यायचा नाही.

*विळी.* इथे पातं हलत नाही, म्हणून दगड हलवायचा. विळी जमिनीवर ठेवून पाट पायाने नेहमीसारखा दाबावा, पण पात्याच्या समोर न बसता थोडं बाजूला बसावं. मुठीत मावेल असा छोटा दगड ओला करून घ्यावा आणि बोटं त्याच्या कडेबाहेर येणार नाहीत असा धरावा. पात्याच्या मूळ उताराला टेकवून बुंध्याकडून टोकाकडे लहान गोल फेऱ्यांनी सरकत जावं. मोठा सपाट दगड वाकलेल्या भागाला नीट लागत नाही, म्हणून तिथे दगडाची अरुंद कड वापरावी. मग पाट फिरवून दुसरी बाजू. टोकाच्या खवणीचे दात दगडाने घासू नयेत. ते बोथट झाले तर छोट्या त्रिकोणी कानशीने एकेक दात उठवावा. लोखंडी विळी काम झाल्यावर पुसून तिला तेलाचं बोट लावावं. गंज ही सुद्धा धारेची झीजच आहे.

*कोयता आणि विळा.* यांना कानस. कोयत्याला सपाट, विळ्याच्या आतल्या बाकाला अर्धगोल. कानस पुढे जाताना कापते, म्हणून परत येताना उचलून घ्यावी. ती नुसतीच घसरत असेल, चावत नसेल, तर पातं कानशीच्या मानाने जास्त कठीण आहे. तिथे दगड घ्यावा. भातकापणीचा दातेरी विळा घरी घासू नये, दात सपाट होतात. तो लोहाराकडेच न्यावा.

*पावाची दातेरी सुरी.* तिचा उतार बहुधा एकाच बाजूला असतो. निमुळती सिरॅमिक किंवा हिऱ्याची कांडी घेऊन त्या बाजूने प्रत्येक खाचेत दोन-तीन वेळा फिरवावी, एवढंच. मागची बाजू सपाट राहू द्यावी.

*कात्री.* कात्री कापते ती दोन पात्यांच्या आतल्या बाजू एकमेकींवरून सरकल्यामुळे. आतली बाजू घासली की फट पडते आणि कापड कापायच्या ऐवजी दुमडतं. घासायचा तो फक्त बाहेरचा, उभट उतार. शिवणाची कात्री घरी प्रयोगाला घेऊ नये. ती कात्र्यांचं काम करणाऱ्या धारवाल्याकडेच द्यावी.

*वस्तरा.* त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, त्यामुळे कोन आपोआप ठरतो. बारीक दगडानंतर चामोटीवर तो पाठ पुढे ठेवून ओढतात. धार पुढे आली तर चामडंच कापलं जाईल.

*सिरॅमिक सुरी.* फक्त हिऱ्याची पट्टी, तीही अगदी हलक्या हाताने. मोठा टवका उडाला असेल तर घरी हात लावू नये.

दगडावर धार कशी काढायची

दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. कोन साधायला सोपी युक्ती आहे. सुरीचं पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल, तर तिची पाठ दगडापासून 1 सेंटिमीटर उचलली की 15 अंश होतात, आणि जवळजवळ 1.4 सेंटिमीटर उचलली की 20. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला तर साडेबावीस अंश मिळतात, तोही सुरुवातीला आधार म्हणून बरा.

आपला कोन बरोबर आहे का हे बघायला धारेजवळच्या उतारावर मार्कर पेनाची रेघ ओढावी आणि तीन-चार वेळा घासावं. शाई फक्त वरच्या भागातली गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त धारेच्या कडेशी गेली तर पाठ फार वर आहे. सगळी गेली की जमलं.

एकाच बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत सारखा दाब ठेवून घासत राहावं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर बारीक खरखर उभी राहते. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवा, अलगद सरकवला की ती जाणवते. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवू नये. ही खरखर म्हणजे घासणं कडेपर्यंत पोहोचल्याची खूण. ती पूर्ण लांबीवर आली की सुरी उलटवायची आणि दुसरी बाजू तशीच घासायची. शेवटी दाब कमी करत, एकदा इकडून एकदा तिकडून फिरवलं की खरखर सुटून जाते. नीट धार न लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खरखर उठण्याआधीच बाजू बदलणं.

दगड वापरून मध्ये खोलगट होतो आणि त्यावर कोन टिकत नाही. सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासला की तो पुन्हा सपाट होतो. एकदा दगडाला तेल लावलं तर पुढे तेलच वापरावं. तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट पसरत नाही.

घ्यायचं काय

बहुतेक मराठी घरांना तीन गोष्टी पुरतात: एका बाजूला साधारण 400 आणि दुसऱ्या बाजूला 1000 ग्रिटचा दगड, विळीसाठी मुठीत मावणारा छोटा दगड आणि एक सिरॅमिक सळई. अंगणात कोयता असेल तर एक कानस, आणि जपानी किंवा सिरॅमिक सुरी असेल तर हिऱ्याची पट्टी. कात्री आणि दातेरी विळा कारागिराकडे.

आणि धार टिकवायची असेल तर सुरी काचेच्या फळीवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चालवू नये, सिंकमध्ये भांड्यांखाली टाकू नये आणि चिरलेली भाजी फळीवरून ओढताना धारेऐवजी पाठ वापरावी. एवढं सांभाळलं की दगड काढायची वेळ क्वचित येते, आणि पातं वर्षानुवर्षं कामाला येतं.