धारणे-पारणे

गेली तीन वर्षे मी रात्री आठनंतर जेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाणी व बिनसाखरेचा कोरा चहा यांखेरीज तोंडात काही पडू देत नाही. सोळा तासांचा हा उपवास डॉक्टरांना विचारून सुरू केला आहे. मोबाइलमधले घड्याळ त्याचे तास मोजते. घरात त्याचा मान केवढा! सकाळी पोहे झाले तर माझी बशी झाकून ठेवली जाते. पाहुण्याने आग्रह केला तर पत्नी परस्पर सांगते, ‘यांचं बारापर्यंत चालत नाही.’ पाहुणाही मग आदराने बघतो.

अलीकडे या आदराने अवघडल्यासारखे होते. आई आठवते.

वाईच्या घरात आई चातुर्मासात धारणे-पारणे करीत असे. एक दिवस उपवास, ते धारणे. दुसऱ्या दिवशी जेवण, ते पारणे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने हेच चक्र. ‘एक दिवसाआड उपवास’ म्हणून परदेशी विद्यापीठांतून ज्याचे प्रयोग होतात, तो जवळजवळ हाच प्रकार. दिवसातून एकदाच जेवणारे तरुण हल्ली भेटतात; धर्मशास्त्रात त्याला ‘एकभक्त’ म्हणतात. रात्रीच जेवायचे ते ‘नक्त’, न मागता समोर येईल तेवढेच घ्यायचे ते ‘अयाचित’. चांद्रायणात तर चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवायचे आणि कमी करायचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा हा पसारा मांडला आहे. तो चाळताना वाटते, पोट रिकामे ठेवण्याचे प्रकार शोधण्यात पूर्वजांनी काही शिल्लक ठेवले नव्हते.

ते भरण्याची सोय आपण नंतर केली. उपवासाच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच, आणि आता त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात. म्हणजे कांदा वर्ज्य आणि परदेशी कंद पवित्र! शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात, प्रथिने जवळजवळ नाहीतच. एकादशी आणि दुप्पट खाशी ही चेष्टा फुकट रूढ झालेली नाही. मात्र ही चेष्टा मी नेहमी पुरुषांच्याच तोंडून ऐकली आहे, आणि तीही बायकांनी केलेली खिचडी खाताना.

आई खिचडी करायची, पण धारण्याला स्वतः खात नसे. १९९७ च्या श्रावणात तिचे वय सहासष्ट होते, मधुमेह होऊन चार वर्षे झाली होती. त्या दिवशी घरी पाहुणे धरून अकरा माणसांचा स्वयंपाक तिने केला. आमच्या पंगती उठल्या आणि दुपारी तीनच्या सुमारास ती मोरीच्या उंबऱ्यापाशी कोसळली. अंग घामाने थबथबलेले, बोलणे असंबद्ध. आम्हाला वाटले, अर्धांगाचा झटका. डॉक्टर आले, बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत तिने डोळे उघडले.

‘आजी, सकाळपासून काय खाल्लंत?’

‘आज धारणं आहे.’

‘आणि गोळी?’

‘घेतली की. औषधाला उपवास नसतो.’

ती गोळी ग्लिबेनक्लमाइडची होती. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. डॉक्टरांनी मग आम्हाला विचारले की आजी एवढा वेळ उपाशी होत्या हे कोणाला माहीत नव्हते का? अकरा माणसे जेवून उठली होती. कोणी उत्तर दिले नाही.

पुढे वाचताना कळले की शास्त्राप्रमाणे आई बरोबर होती. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे परंपरा मानते आणि त्यांत औषध आहे. पण त्याच यादीत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूधही आहे. तिने औषध तेवढे ठेवले आणि दूध गाळले. ते घे म्हणून तिला कोणी सांगितले असते, तर तिने कदाचित ऐकले असते.

आज उपवासाला विज्ञानाचे पाठबळ मिळाल्याचे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण जपून घ्यावे असे. बारा तासांच्या आसपास यकृतातला साखरेचा साठा ओसरू लागतो आणि शरीर चरबीकडे वळते, हे खरे. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते पेशी आपलाच टाकाऊ भाग मोडून पुन्हा कशी वापरते, याच्या संशोधनाबद्दल. पण त्यांनी उपाशी ठेवले होते ते यीस्टला. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ले. वजन दोन्हीकडे उतरले, फरक लक्षणीय नव्हता. माझे सहा किलो उतरले ते घड्याळामुळे की रात्रीचा फरसाण सुटल्यामुळे, हे मलाच सांगता येत नाही.

रमजानच्या आधी मधुमेही रुग्णांच्या गोळ्या कशा बदलाव्यात, याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आंतरराष्ट्रीय संस्थांनी तयार केली आहेत. आपल्याकडच्या आजी चातुर्मासाचे डॉक्टरांना सहसा सांगतच नाहीत. रागावतील म्हणून, किंवा त्यात सांगण्यासारखे काय, म्हणून.

गेल्या वर्षी पत्नीलाही साखर निघाली. तिचे सोमवार, चतुर्थी आणि हरतालिका चालूच होत्या. माझे तास घरात सर्वांना पाठ. तिचे वार मला कॅलेंडर बघून कळले. यंदा आषाढीच्या आधी मी तिच्या उपवासांची यादी केली आणि दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावल्याशिवाय ती वाचली, उपवासाच्या दिवशीच्या गोळ्या बदलून दिल्या, सोमवारी सकाळी दूध आणि फळ घ्यायला सांगितले. ती कबूल झाली. हरतालिकेपाशी गाडी अडली. डॉक्टर म्हणाले, पाणी तरी घ्याच. ती म्हणाली, ‘चाळीस वर्षांत घेतलं नाही.’

पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावले आहे.