लिस्बनने सोडलेला 'च'

जबलपुरातली मराठी माणसं घरात 'चावी' म्हणतात आणि फाटकाबाहेर पडली की 'चाबी'. दोन्ही रूपं एकाच पोर्तुगीज शब्दाची. पण तोच शब्द आज लिस्बनमध्ये 'शाव' असा ऐकू येतो. मग आपल्याकडे 'च' आला कुठून?

मुळाशी लॅटिन 'क्लाविस' आहे. रोमच्या सैन्यामागून ती बोली युरोपभर गेली, आणि पुढे प्रत्येक मुलखाने सुरुवातीचं 'क्ल' आपल्या जिभेला जमेल तसं वळवलं. फ्रेंचांनी ते जपलं: 'क्ले'. इटालियनांनी 'ल'चा 'य' केला: 'क्यावे'. स्पॅनिशमध्ये 'क' गळाला आणि आज बहुतेक ठिकाणी 'यावे' म्हणतात. पोर्तुगीजांनी अख्ख्या जोडाक्षराचा 'च' केला. हे एका शब्दापुरतं नव्हतं, आणि मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. लॅटिनमध्ये ज्योत म्हणजे 'फ्लाम्मा'. तिचं फ्रेंचमध्ये 'फ्लाम', इटालियनमध्ये 'फ्याम्मा', स्पॅनिशमध्ये 'यामा' आणि पोर्तुगीजमध्ये 'चामा' झालं. पावसाच्या 'प्लुविया'चीही तीच वाट. कुणी ठरवून दिलेलं नसताना लाखो बोलणाऱ्यांनी एकच नियम पाळला.

1510मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, 1534मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. तेव्हा त्यांच्या तोंडी 'च'च होता. सतराव्या शतकात लिस्बनकडच्या बोलीत त्याचा 'श' झाला, लिहिण्यात मात्र जुनी अक्षरं तशीच राहिली. तोवर कोकणी-मराठीने शब्द उचललेला होता आणि लिस्बनमधला बदल इथवर पोचला नाही. उत्तर पोर्तुगालच्या काही डोंगरी भागांत मात्र हा जुना 'च' अजून ऐकू येतो.

'चाबी'तल्या 'ब'चं कोडं अवघड नाही. पोर्तुगीज बंगालमध्ये हुगळीलाही होते. 1632मध्ये मोगलांनी त्यांना तिथून हुसकलं. बंगालीत 'व' नाहीच, तिथे 'चाबी'. शिवाय जबलपूरच्या आसपासची बुंदेलीही 'वन'चं 'बन' करणारी, तिला हे रूप परकं वाटायचं कारण नाही.

मार्च 1870मध्ये मुंबईकडून आलेले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ आणि कलकत्त्याकडचे ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जबलपूरला जोडले गेले. त्या रुळांवर या शब्दाला नवं काम मिळालं. रूळ जागच्या जागी घट्ट धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला इंग्रजीत 'की' म्हणत, म्हणून हिंदीत तीही 'चाबी'. हातोडा खांद्यावर टाकून आपल्या टप्प्यातला एकेक तुकडा पाहत चालणारा, सैल दिसला की ठोकून बसवणारा माणूस 'चाबीवाला' झाला. इंग्रजी 'की' लॅटिन कुळातली नव्हे, ती जुन्या इंग्रजीतली. वस्तू इंग्रजांच्या रेल्वेची, पण रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधल्या माणसांनी तिला दिलेलं नाव त्याआधीच दोन-तीन शतकं इथे रुळलेलं होतं.