शेजाऱ्यांची शर्यत

1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. भालकीची लेक आजही उदगीरला नांदते आणि आळंदचा शेतकरी सोलापूरच्या बाजारात माल नेतो. जत्रेतल्या कुस्तीचा पुकारा मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतो. आपल्याच माणसांशी सीमेच्या दोन बाजूंनी लढायचं म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच दक्षिण आशियाई अॅथलेटिक्सची गोष्ट या भागातल्या वाचकाला जवळची वाटावी.

एका संस्कृतीचे धागे असलेल्या देशांनी एकत्र धावायची कल्पना जगात इतरत्रही आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांची इबेरो-अमेरिकन अॅथलेटिक्स स्पर्धा 1983 मध्ये बार्सिलोनात सुरू झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, काठमांडूत दक्षिण आशियातले सात देश पहिल्यांदा एकत्र आले. तेव्हा त्या खेळांना ‘सॅफ गेम्स’ म्हणत. भाषा, अन्न, गाणी, देवधर्म यांची इतकी सरमिसळ असलेले आणि एकमेकांशी इतकं भांडलेले देश दुसरीकडे क्वचितच सापडतील.

या खेळांची खरी श्रीमंती छोट्या देशांच्या धावपटूंत आहे. नेपाळचे वैकुंठ मानंधर यांनी 1984, 1985 आणि 1987 अशी लागोपाठ तीन वेळा मॅरेथॉन जिंकली. कलकत्त्यातल्या तिसऱ्या विजयाची त्यांची वेळ होती 2 तास 15 मिनिटे 3 सेकंद, आणि नेपाळचा विक्रम म्हणून ती पुढे दशकानुदशकं टिकली. बांगलादेशचा शाह आलम 1985 मध्ये ढाक्यात, आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर, 100 मीटरमध्ये पहिला आला. दोन वर्षांनी कलकत्त्यात त्यानं तेच पदक राखलं. 1990 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. 2010 मध्ये ढाक्यातच कराचीच्या कोरंगीतली नसीम हमीद 11.81 सेकंदांत धावली आणि पाकिस्तानची एक मुलगी दक्षिण आशियातली सर्वांत वेगवान स्त्री ठरली. ऑलिंपिक पदकांच्या यादीत ही नावं शोधून सापडणार नाहीत. पण आपल्या गल्लीतलं पोर शेजारच्या मोठ्या देशाला मागे टाकू शकतं, हे त्यांच्या देशानं याच मैदानावर पाहिलं, आणि माझ्या लेखी ते मोठंच आहे.

आपल्या मराठी मुलुखालाही या मैदानानं दिलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावरच्या कच्च्या वाटांवर अनवाणी धावत मोठी झाली. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं. वेळ होती 2 तास 38 मिनिटे 38 सेकंद. त्याच धावेनं तिला रिओ ऑलिंपिकचं दार उघडून दिलं. शेजाऱ्यांच्या स्पर्धेतून थेट जगाच्या स्पर्धेत जाता येतं, याचा याहून स्पष्ट दाखला कशाला हवा?

आता सीमेच्या या बाजूची शिडी पाहू. कर्नाटकात मुलं तालुक्याच्या दसरा क्रीडाकूटात धावतात. तिथून जिल्हा, मग कलबुर्गी विभाग, मग म्हैसूर. इथले मराठी बोलणारेसुद्धा ‘क्रीडाकूट’च म्हणतात. पहाटे बीदरच्या नेहरू स्टेडियमवर किंवा कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर जी पोरं दिसतात, त्यांतली बरीच भरतीची तयारी करणारी असतात: पोलीस, नाहीतर लष्कर. त्यांचं सगळं गणित 1600 मीटरभोवती फिरतं, म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या. पहिली फेरी जोशात जाते, दुसरीत श्वास लागतो, तिसरीत पाय शिशाचे होतात. चौथीत कळतं कोण टिकणार. तिसऱ्या फेरीतही ज्याचा वेग मोडत नाही, त्याच्याकडे एखाद्या जाणत्या मास्तरानं लक्ष द्यायला हवं. पण बहुतेकदा भरती झाली की धावणं थांबतं, कारण पुढची पायरी नजरेच्या टप्प्यात नसते.

ती पायरी वरूनही निखळलेली आहे. फक्त अॅथलेटिक्सची अशी दक्षिण आशियाई वरिष्ठ गट स्पर्धा 2008 मध्ये कोचीत झाली. त्यानंतरची थेट ऑक्टोबर 2025 मध्ये, रांचीच्या बिरसा मुंडा स्टेडियमवर. मध्ये सतरा वर्षं. धावपटूच्या ऐन उमेदीची वर्षं जेमतेम सात-आठ असतात. म्हणजे दोन पिढ्या या स्पर्धेशिवाय आल्या आणि गेल्या. रांचीत भारतानं 20 सुवर्णांसह 58 पदकं मिळवली, श्रीलंकेनं 40. पाकिस्तानचा संघ आला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी चेन्नईच्या ज्युनिअर स्पर्धेत मात्र त्यांची पोरं आली होती, धावली होती. सगळ्या खेळांची दक्षिण आशियाई स्पर्धा 2019 च्या नेपाळनंतर पाकिस्तानात व्हायची होती. ती पुढे ढकलली जात राहिली. सरकारांच्या रागालोभाची किंमत अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी मोजावी, हे मला मुळीच पटत नाही.

दिल्ली-इस्लामाबादचं आपल्या हातात नाही. उदगीर, बीदर आणि जहीराबाद यांचं आहे. एकेकाळच्या एकाच जिल्ह्याची ही तीन गावं आज तीन राज्यांत आहेत आणि तिथली पोरं एकमेकांविरुद्ध धावत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या राजधानीकडे, मुंबई-बंगळुरू-हैदराबादकडे तोंड करून धावतो. तिन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी वर्षातून एक रविवार ठरवावा. फक्की मारून आठ लेन आखाव्यात, हातघड्याळांवर वेळा घ्याव्यात, पुकारा मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनीत करावा. पहिली शर्यत मुलींच्या 3000 मीटरची ठेवावी.