पेढीवरचा चहा आणि त्याची साधने

व्यापाऱ्याचा दिवस रोकडवहीत लिहिला जातो खरा, परंतु तो पुढे सरकतो चहाच्या कपांवर. भावाची बोलणी, वायद्याची मुदत, जुन्या उधारीची आठवण, नव्या सोयरिकीची चौकशी, यांपैकी एकही गोष्ट आमच्या पेठांत चहावाचून होत नाही. असे असूनही पेढीवर ज्या वस्तूविषयी सर्वांत कमी विचार होतो, ती वस्तू चहाच होय. तांदळाचा नमुना आपण तळहातावर घेऊन दाणा न् दाणा पाहतो. तुरीचा ओलावा दाताखाली धरून ओळखतो. मात्र चहाची पत्ती आणि ती ज्यात शिजते ते पातेले नोकराच्या पसंतीवर सोडून देतो. संघाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे या लहानशा विषयाचा थोडा विस्ताराने विचार मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

पत्ती तशी साधने

बाजारात सुटा चहा मुख्यतः दोन प्रकारांनी येतो. एक जुन्या पद्धतीने पाने वळून केलेला, ज्यास ऑर्थोडॉक्स म्हणतात; दार्जिलिंगचा चहा बहुतांशी असाच. दुसरा सीटीसी, म्हणजे यंत्राच्या दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून त्याची गोळीदार कणी केलेला. हे यंत्र १९३० च्या दशकाच्या आरंभी आसामातील मळ्यांत निघाले आणि पुढे आपल्या देशाचा चहाच त्याने बदलून टाकला. कणी जितकी बारीक, तितका रंग लवकर उतरतो व दुधापुढे टिकतो. पान जितके मोठे, तितका वास नाजूक व उतरण्यास वेळ अधिक.

साधनांची निवड यावरूनच ठरते. कणीदार चहा व भुकटी यांस पातेले आणि बारीक जाळीची गाळणी हवी. पानाच्या चहास उकळी सोसत नाही. त्यास झाकणाची किटली हवी. तिच्यात आधणाचे पाणी ओतून तीन ते पाच मिनिटे मुरू द्यावे. १९३० व १९४० च्या दशकांत चहाचा प्रचार करणाऱ्या मंडळींनी रेल्वे स्थानकांवर व चौकांत देशी भाषांतील पत्रे लावून हीच रीत शिकविली होती. लोकांनी चहा स्वीकारला, रीत मात्र स्वीकारली नाही. दूध, साखर, पत्ती एकत्र उकळून आपला स्वतंत्र चहा निर्माण केला. कणीदार चहास ही रीत शोभते. महाग पानाचा चहा आणून तो दुधात रटरट उकळणे, हे मात्र बासमती तांदूळ पिठासाठी गिरणीत घालण्यासारखे आहे.

हल्ली दुकानांत साखळीला टांगलेली जाळीची लहान गोळी मिळते. दिसण्यास ती मोहक असते, परंतु पान पाण्यात अनेक पटींनी फुगते व त्या गोळीत त्यास अंग पसरण्यास जागा राहत नाही. त्यापेक्षा किटलीच्या तोंडात बसणारी खोल, रुंद जाळी घ्यावी. वेळ झाली की ती उचलून काढता येते आणि चहा कडू होत नाही.

चमच्याऐवजी तराजू

आम्ही धान्याचे व्यापारी. माप आणि वजन यांतील भेद आम्हांस कोणी शिकवावयास नको. एक चमचा कणीदार चहा आणि एक चमचा पानाचा चहा यांचे वजन सारखे नसते. पान हलके असून जागा अधिक व्यापते. म्हणून पहिल्या दिवशी एकदा लहान काट्यावर वजन करून आपला चमचा किती ग्रॅमांचा, हे ठरवून घ्यावे. चहा पारखणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये जे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा व सहा मिनिटे मुरवणे सांगितले आहे. ते प्रमाण चव तपासण्याचे आहे, रोजच्या पिण्याचे नव्हे. तथापि कपामागे २ ते अडीच ग्रॅम हा हिशेब घरासही पुरतो. म्हणजे पावकिलोच्या पुड्यात १०० ते १२५ कप निघाले पाहिजेत. याहून फार कमी निघत असतील, तर पत्ती वाया तरी जात आहे किंवा वाटेतच कमी होत आहे.

पाणी आणि इराणी चहा

आपल्याकडे पाणी फडक्याने गाळून घेण्याची चाल आहे. चहाच्या दृष्टीनेही ती हिताची, कारण गाळ व कचरा आधणात जात नाही. परंतु पाण्याचा जडपणा फडक्याने जात नाही. आमच्या चिक्कडपल्लीत कित्येक घरी नळाबरोबर बोअरचेही पाणी असते. जड पाण्याच्या चहावर तपकिरी साय धरते, रंग मंद होतो व किटलीच्या तळाशी पांढरे पुट बसते. चहापुरते तरी नळाचे ताजे पाणी घ्यावे. एकदा उकळून निवलेले पाणी पुन्हा पुन्हा उकळू नये. तळाचे पुट लिंबाचा रस घालून पाणी उकळल्यास सुटते.

हैदराबादकरांस चहाची साधने पाहावयाची असतील, तर इराणी हॉटेलांत डोळे उघडे ठेवून बसावे. चारमिनारजवळच्या निमरापासून थेट गल्लीबोळांतील जुन्या हॉटेलांपर्यंत रीत एकच. एका हंड्यात पाणी व चहा घालून झाकण घट्ट बसवितात आणि मंद आचेवर त्यास दम देतात. दुसऱ्या भांड्यात दूध निराळे आटत राहते. कपात आधी गाळलेला अर्क व त्यावर दाट दूध. पत्ती दुधात शिजत नाही, अर्काची वाफ बाहेर पडत नाही आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे दुधाचे प्रमाण राखता येते. दहा माणसांच्या घरी इराणी हंडा कशास हवा? परंतु दोन भांडी निराळी ठेवावीत व झाकण लावावे, एवढा धडा कोणासही घेता येईल.

हे हंडे पुष्कळदा तांब्याचे असतात, म्हणून कल्हईविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. चहा किंचित आम्ल असतो. उघड्या तांब्यात तो फार वेळ राहिल्यास धातूचा अंश उतरतो. यास्तव आतून कथलाचा लेप हवा. कल्हईवाला भांडे निखाऱ्यावर तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवितो, हे आमच्या पिढीने अंगणात उभे राहून पाहिले आहे. आता तो कारागीर हाक मारून सापडत नाही. ज्यांस नियमाने कल्हई करून घेणे शक्य नाही, त्यांनी तांब्याचा मोह सोडावा व जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले घ्यावे. कल्हई करविताना कथिलात शिशाची भेसळ नाही, याची खात्री करून घ्यावी.

साठवण आणि पारख

चहा सभोवतालचा वास फार लवकर ओढून घेतो. किराणा व धान्याच्या पेढीत हिंग, मिरची, मसाले यांच्या शेजारी चहाचा पुडा उघडा ठेवला, तर आठवडाभरात त्या चहास कोणताही मळा ओळखणार नाही. पूर्वी मळ्यांतून चहा आतून धातूचा पत्रा लावलेल्या लाकडी पेट्यांतून येत असे, तो याच कारणाने. घरी घट्ट झाकणाचा, प्रकाश न शिरणारा डबा वापरावा आणि चमचा कोरडा असावा.

सुटा चहा घेताना दोन परीक्षा कोणासही करता येतात. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरावी. लगेच गडद डाग उमटले, तर रंग चढविलेला आहे असे समजावे. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची: पत्तीवरून तो फिरविला असता लोखंडाचा कीस चिकटून येतो. वापरून टाकलेला चोथा वाळवून, रंगवून पुन्हा विकण्याचे प्रकार पूर्वीपासून घडत आले आहेत. म्हणून अति स्वस्त पत्ती दिसली की सावध व्हावे.

हमालाचा कप

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अनेक पेढ्यांवर दोन प्रकारचा चहा होतो. गादीवर बसलेल्या पाहुण्यास ताजी पत्ती व कपबशी. हमालास त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेला काढा, तोही पातळ प्लास्टिकच्या पेल्यात. यामागे काटकसर आहे, असे सांगितले जाते. तो हिशेब आपण मांडून पाहू. समजा, चांगली पत्ती किलोस ४०० रुपये व हलकी २५० रुपये आहे. दोन ग्रॅमांस एकीचे ८० पैसे पडतात, दुसरीचे ५०. वीस हमालांस दिवसातून दोनदा चहा दिला, तर चाळीस कपांमागे फरक अवघा १२ रुपयांचा. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसापासून दिवसाकाठी बारा रुपये वाचविणारी पेढी त्या रकमेने मोठी होत नाही. आम्ही तरी असे पाहिले आहे की, जेथे हमालाचा व शेटजींचा चहा एकाच पातेल्यातून येतो, तेथे पोते आपटून फुटत नाही आणि मोसमात माणूस दुसरीकडे जात नाही.

म्हणून पेढीसाठी आमची शिफारस थोडक्यात अशी: बेगम बाजारातील भांड्यांच्या पेठेतून जाड बुडाचे एक मोठे पातेले, दुधासाठी एक निराळे भांडे, बारीक जाळीची स्टीलची गाळणी, घट्ट झाकणाची किटली, एक मजबूत सांडशी, पत्तीचा डबा व ठरलेला चमचा घ्यावा. पेले स्टीलचे किंवा काचेचे, सर्वांस एकसारखे. ज्यांच्या घरी कंदमूळ वर्ज्य आहे, त्यांनी आल्याऐवजी सुंठ व वेलची कुटून ठेवावी. चोथा साचू देऊ नये, कारण ओलसर चोथ्यात जीवजंतू होतात. तो त्याच दिवशी झाडांच्या मुळाशी टाकावा. गाळणी रोज घासावी.

एवढ्या साधनांस फार खर्च येत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. व्यापारात शब्दाचा, मापाचा व मालाचा खरेपणा आपल्या वाडवडिलांनी सांभाळला. चहाचा कप ही त्यांच्या मानाने क्षुल्लक वस्तू असेल. परंतु पेढीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, मग तो दलाल असो, शेतकरी असो वा हमाल असो, आपली पहिली वस्तू तीच पडते. ती सर्वांस सारखी व चोख मिळावी, एवढीच सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती.