न्यायसहायक विज्ञान : पदवी निवडताना मूळ विषय महत्त्वाचा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत मिळाली आहे. तज्ज्ञांची मागणी वाढणार हे उघड असल्याने बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांचा ओढाही या शाखेकडे वाढणे स्वाभाविक आहे. मात्र विषयाच्या नावाची पदवी हाती आली की प्रयोगशाळेचे दार उघडते, हा समज पूर्णपणे खरा नाही.

आधी एक घोळ दूर करायला हवा. वृत्तपत्रांत सरसकट वापरला जाणारा ‘न्यायवैद्यक’ हा शब्द मुळात वैद्यकशास्त्राचा आहे. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रातील एमडी हाच मार्ग. व्हिसेरा, रक्ताचे डाग, गोळीची पुंगळी, संशयास्पद सही किंवा जप्त केलेला मोबाइल तपासणारे मात्र वैज्ञानिक असतात. त्यांचे शास्त्र ते न्यायसहायक विज्ञान.

या क्षेत्रासाठी देशात स्वतंत्र विद्यापीठ आहे. गुजरातमधील राज्य विद्यापीठाला २०२० च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे रूप मिळाले. मुख्यालय गांधीनगरला असले तरी त्याचा परिसर गोव्यातही आहे. धारबांदोडा येथील संकुलाची पायाभरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. बारावीनंतर सलग पाच वर्षांचा बीएस्सी-एमएस्सी अभ्यासक्रम ही या विद्यापीठाची ओळख. मात्र प्रत्येक परिसरात सर्वच अभ्यासक्रम नसतात, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. शेजारच्या महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

खरी मेख नोकरीच्या जाहिरातीत असते. केंद्रीय प्रयोगशाळांतील रसायन विभागाच्या पदांसाठी रसायनशास्त्रातील वा न्यायसहायक विज्ञानातील पदव्युत्तर पदवी चालते. परंतु दुसऱ्या पर्यायापुढे बहुधा एक अट जोडलेली असते. ती म्हणजे, बीएस्सीला रसायनशास्त्र हा विषय तिन्ही वर्षे असला पाहिजे. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र विभागांतही साधारण अशाच अटी आढळतात. सर्व शाखांची थोडीथोडी तोंडओळख करून देणारी पदवी इथेच तोकडी पडू शकते. पाच वर्षे खर्ची घालून अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अपात्र ठरणे परवडणारे नाही.

म्हणूनच रसायनशास्त्रात साधी बीएस्सी करून नंतर न्यायसहायक विज्ञानात एमएस्सी करणे, हा मार्ग अनेकांसाठी अधिक सुरक्षित ठरतो. तो स्थानिक महाविद्यालयातून सुरू करता येतो आणि पुढे मन बदलले तर औषधनिर्मिती उद्योगाचा पर्यायही खुला राहतो. गोव्यात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अमली पदार्थ आणि विषांची तपासणी करू इच्छिणाऱ्यांनी रसायनशास्त्र, डीएनए चाचणीसाठी जीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान, शस्त्रास्त्रांच्या परीक्षणासाठी भौतिकशास्त्र असा पाया निवडावा. सायबर तपासासाठी संगणकशास्त्राची वा अभियांत्रिकीची पदवी अधिक उपयोगी.

प्रवेश घेताना महाविद्यालयाला तीन गोष्टी थेट विचाराव्यात : गुणपत्रिकेवर मूळ विज्ञान विषय दरवर्षी स्वतंत्रपणे नोंदला जातो का, उपकरणे विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळतात का, आणि सरकारी प्रयोगशाळेतील प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग आहे का.